दोन वाफे, एकच पंधरवडा

आज सकाळी नवाच्या सुमारास उजाडलं तेव्हा वाफ्यातली एकतीसच्या एकतीस रोपं जमिनीवर आडवी पडलेली होती. पहाटेचं तापमान उणे सहा होतं. त्यातली किती मेली आणि किती नुसती पडून आहेत, हे दुपारी बारापर्यंत सांगता येत नाही.

ब्रॉड बीन या इथल्या कडधान्याचं हे वागणं आता माहितीचं झालं आहे. जमीन गोठली की रोप मान टाकतं. ऊन वर आलं, माती सैल झाली, की जगलेलं रोप हळूहळू सरळ होतं. मेलेलं तसंच राहतं आणि संध्याकाळपर्यंत काळं पडतं. सकाळी दोन्ही सारखीच दिसतात.

फोनवर आईचा मेसेज येऊन पडला आहे. अलिबागजवळच्या तिच्या गावात आत्ता दुपारचे अडीच वाजले असतील. मेसेज एका शब्दाचा आहे: "किती?" रोज तोच असतो, आणि रोज मी आकडा पाठवते. आज पाठवलेला नाही. पुण्यातल्या एका दैनिकाच्या बातमी विभागात मी अकरा वर्षं होते. दुजोरा नसलेला आकडा पुढे सरकवायचा नाही, ही तिथली सवय आयर्लंडमधल्या लेटरकेनीत येऊनही गेलेली नाही.

आईचं येत्या मार्चमधलं येणं या आकड्यावर अवलंबून आहे. निदान ती तसं म्हणाली आहे. गमतीने म्हणाली की खरंच, याला मात्र दुजोरा मिळालेला नाही.

चहा ठेवते. खिडकीशी जाऊन येते. चहा उतू जातो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई आमच्याकडे आली. त्या जुलैत बाबा गेले होते. भाऊ पनवेलला असतो. गावच्या घरात आई एकटी उरली होती. नरेंद्र, माझा नवरा, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. घर आहे, मागे अंगण आहे, एक खोली रिकामी आहे. आईला तीन महिने राहायची परवानगी मिळाली होती. तिने कायमचं राहावं असं मला वाटत होतं. त्या अर्जाचे कागद मी छापून मायक्रोवेव्हवर ठेवले होते. सही तेवढी हवी होती.

गावी घरामागे तिचा तीन गुंठ्यांचा तुकडा आहे. भात कापून झालं की नोव्हेंबरात जमिनीत ओल असते. त्या ओलीवर, त्याच पंधरवड्यात, वाल पेरायचा. नंतर पाणी द्यायचं नाही. वाल दवावर वाढतो. लहानपणी सकाळी शाळेआधी त्या तुकड्यातून चालत गेलं की परकराचा घेर गुडघ्यापर्यंत ओला व्हायचा आणि शेंगांचा उग्र, तेलकट वास बोटांना दिवसभर चिकटून राहायचा. वहीला लागायचा, डब्याला लागायचा. आईने बेचाळीस वर्षं ही पेरणी चुकवली नव्हती. त्या वर्षी चुकणार होती, कारण ती माझ्याकडे होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आली ती तिची पावलं. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत आमचं घर सोळा पावलांचं आहे. ती जायची आणि यायची. बाहेर बारीक पाऊस, दिवसभर मळकट उजेड. खिडकीला कपाळ टेकून ती विचारायची, "ह्यांचा सूर्य गेला कुठे?" तिला काहीतरी हाताला लागावं म्हणून मी ब्रॉड बीनच्या बियांचं पाकीट आणलं. थंडीत पेरायची जात, असं त्यावर लिहिलं होतं. आईने चित्र पाहिलं. वीतभर जाड शेंग, आत लोकरीसारखं पांढरं अस्तर, त्यात अंगठ्याच्या नखाएवढे दाणे.

"हा तर सुजलेला वाल," ती म्हणाली.

इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटाला हॉट प्रेस. टॉवेल, चादरी तिथे उबेला ठेवतात. आईने त्या कपाटाचा शोध दुसऱ्याच दिवशी लावला होता आणि बिरड्याच्या वालांना तिथे मोडही आणून झाले होते. पाकीट आणल्याच्या तिसऱ्या दिवशी टॉवेल काढायला गेले तर टाकीवर आणखी एक ओलं फडकं बांधलेलं. आत ब्रॉड बीन.

"आई, ह्या बिया खायच्या नाहीत. पेरायच्या आहेत."

"मग? मोड आले की अर्धं काम झालं. तुमच्याकडे ऊन तेवढं ह्या कपाटातच आहे."

मोड उत्तम आले. गुबगुबीत, पांढरे, एका मापाचे. दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरून आईने ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, हीटरच्या वर मांडले. अडीच आठवड्यांत रोपं वीतभर झाली. फिकट हिरवी होती आणि काचेकडे झुकलेली. माझी मुलगी तन्वी शाळेतून आली की तिला आजीचं मराठी कळायचं, उत्तर मात्र इथल्या डॉनिगॉल भागाच्या इंग्रजीत यायचं. "दे आर ग्रँड, आजी, सो दे आर." आईला त्यातलं ग्रँड कळायचं. ते तिला पुरायचं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आईने चाळीस रोपं बाहेर लावली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा जमीन गोठली. चाळीसही मेली.

मेलेली रोपं कशी दिसतात हे सांगायला आईने एकच शब्द वापरला, आणि तो अचूक होता. साडीवर माझं जाकीट, पायात नवे रबरी बूट, डोक्यावरून शाल, अशी ती वाफ्याशी वाकली, एक पान दोन बोटांत धरलं आणि म्हणाली, "उकडलीत."

कुंपणापलीकडे नोरा उभी होती. नोरा आमची शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, शर्टांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, आणि रेडिओवरच्या हवामानवाल्यावर अजिबात विश्वास नसलेली. त्याला ती नावाने ओळखत नाही. "युवर मॅन" म्हणते. युवर मॅन आज कोरडं म्हणतोय, म्हणजे कपडे आत घ्या.

नोराने वाफा पाहिला आणि म्हणाली, "फार लाडात वाढवलीत, लव्ह. ह्यांना जन्मापासून गारवाच हवा असतो."

मी आईला ते मराठीत सांगितलं.

"हिला काय कळतंय वालातलं?" आई नोराकडे बघून हसत म्हणाली.

"ती म्हणते, थँक्यू," मी नोराला सांगितलं.

"ती तसं म्हणाली नाही," नोरा म्हणाली. आत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात तिने स्वतः धरलेलं बी होतं. कोरडं, तपकिरी, सुरकुतलेलं.

त्याच शनिवारी दुसरी पेरणी झाली. दोन ओळी, दोन इंच खोल, वीतभर अंतर. अठ्ठेचाळीस बिया. भिजवायच्या नाहीत, मोड आणायचे नाहीत, घरात ठेवायच्या नाहीत. उंदरांनी उकरू नये म्हणून नोराने काटेरी पानांच्या डहाळ्या आणून ओळींवर टोचल्या. आई प्रत्येक बी टाकताना पुटपुटत होती. ही माती मुठीत धरवत नाही इतकी गार आहे, ह्यात कोरडं बी टाकायचं म्हणजे विहिरीत टाकल्यासारखं आहे, वगैरे. नोराही तिच्या बाजूने काहीतरी पुटपुटत होती. दोघींमध्ये एकही भाषा समान नव्हती. मी मध्ये उभी होते, पण दहा मिनिटांनी माझं काम उरलं नाही.

त्या संध्याकाळी मी कागदांचा विषय काढला.

"वर येऊ दे बी," आई म्हणाली. "मग बघू."

वाक्य टाळण्यासाठीच होतं. मी ते अट म्हणून नोंदवून ठेवलं.

महिनाभर वाफ्यात काहीच घडलं नाही. घरात पावलं वाजत राहिली. आता दोन माणसांची, कारण मीही दर तासाला मागच्या दाराशी जायला लागले होते. ड्यूटीवरून आलेला नरेंद्र सोफ्यावर पाय ताणून म्हणाला, "तुम्ही मायलेकी मिळून हे कार्पेट झिजवणार. काय क्रॅक चाललीय रोज?" क्रॅक म्हणजे इथल्या बोलीत गंमत. गंमत नव्हती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, मातीला बाक आलेला दिसला. कोंब वर येताना वाकलेला असतो. खांद्याने माती ढकलतो. तीन दिवसांत एकोणचाळीस मोजले. बुटके, गडद, दोन बोटं उंच. खिडकीतल्या रोपांशी त्यांचं काही नातं आहे असं वाटत नव्हतं.

मी आत येऊन सांगितलं. आई लसूण सोलत होती.

"बरं झालं," ती म्हणाली.

"मग सही?"

"गो बाय, ते कडधान्य आहे. मी माणूस आहे." थोड्या वेळाने, मान वर न करता, "थंडी तरी सोसू दे त्यांना."

अट बदलली होती. थंडी सोसायला हवी, तर सोसवता येईल, असा माझा हिशेब झाला. दुकानातून पांढरं, हलकं कापड आणलं, रोपांवर पांघरायचं असतं ते. रोज दुपारी चारला, आई फोनवर मालिका बघत असताना, मी बाहेर जाऊन दोन्ही ओळी झाकायची आणि कडेला विटा ठेवायची. अकरा वर्षांत मी एकाही बातमीतला आकडा माझ्या सोयीने फिरवला नव्हता. इथे मी तेच करत होते. मला ते कळत होतं.

सकाळी कापड भिंतीवर असायचं. पहिल्या दिवशी वाटलं, वारा. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नीट पाहिलं. वाऱ्याला चौपदरी घडी घालता येत नाही.

चौथ्या सकाळी आई वाफ्याशीच भेटली. विटा बाजूला करत होती.

"तूच काढतेस?"

"मग कोण? गुदमरतात गो आत. हे बघ." दोन पानांवर तपकिरी ठिपके आले होते. "खाली ओल कोंडली की हे येतं. नोराने दाखवलं."

"नोराने सांगितलं आणि तुला कळलं?"

"बोट दाखवलं, नाक मुरडलं. त्यात काय कळायचंय?" तिने कापडाची घडी घातली, काखेत धरली, आणि विचारलं, "तुला रोपं जगवायचीत का मला अडकवायचंय?"

"दोन्ही," मी म्हणाले.

आईने शेवटची वीट भिंतीशी ठेवली. कुंपणापलीकडून कोळशाच्या धुराचा वास येत होता. पायाखालचं गवत काचेसारखं मोडत होतं.

आत्ता सव्वादहा झाले आहेत. एकदा जाऊन आले. पूर्वेकडच्या टोकाला ऊन पोहोचलं आहे. पहिल्या दोन रोपांवरचं पांढरं वितळलं आहे. ती उठलेली नाहीत. हात लावायचा नसतो. गोठलेलं पान हाताने उचललं की आतून मोडतं, हे मी गेल्या वर्षी एका रोपावर शिकले. खिशात हात घालून उभी राहिले आणि परत आले.

गेल्या वर्षी नाताळच्या आठवड्यात आईच्या फोनवर गावाहून फोटो आला. शेजारच्या वच्छीचा वाल फुलला होता. आईने फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं, फुलं बघते आहे. ती डावा कोपरा बघत होती. तिथे बांधाच्या पलीकडे रिकामी, वाळलेली जमीन दिसत होती.

"हे माझं," ती म्हणाली. आणखी मोठं केलं. चित्र फुटून नुसते तपकिरी चौकोन दिसायला लागले, तरी बघत राहिली.

दोन दिवसांनी बर्फ पडलं. घोट्याच्या वर. रोपं दिसेनाशी झाली. मी झाडू घेऊन निघाले तर आईने दार अडवलं. "राहू दे. तेच पांघरूण आहे त्यांचं." रेडिओवर युवर मॅन उणे सात म्हणत होता, आणि नोराच्या मते पहिल्यांदाच बरोबर होता. तीन दिवस पांढरं अंगण आणि त्यावर दुपारचा गुलाबी, पाच मिनिटांचा उजेड. चौथ्या दिवशी बर्फ उतरलं. सगळी रोपं जमिनीला चिकटलेली होती. आई बूट घालून वाफ्याशेजारी पाटावर बसली. हो, पाटावर, तो तिने गावाहून आणला होता. साडेअकरापासून एकापर्यंत तिथून हलली नाही. मी चार वेळा आत-बाहेर केलं. पाचव्यांदा गेले तेव्हा ती मोजत होती. पस्तीस उभी होती.

"बघितलंस?" मी म्हणाले.

"बघितलं."

"सोसली की थंडी."

"सोसली. ह्याच मातीत डोळे उघडले त्यांनी." एवढं बोलून ती पाट उचलून आत गेली. सहीबद्दल मी विचारलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आई परत गेली. कागदांवर सही नव्हती. रबरी बूट तिने मागच्या दाराशी, भिंतीकडे टाचा करून ठेवले होते. "हे नेत नाय मी," म्हणाली. "बॅगेत मावत नाहीत." बॅगेत जागा होती. ती बॅग मीच भरली होती.

त्यानंतरच्या गोष्टी नोंदींपुरत्या आहेत. फेब्रुवारीच्या वाऱ्याने दोन रोपं मोडली. मी बुडाशी माती चढवली. एप्रिलच्या शेवटी फुलं आली, पांढरी, पाकळीवर काळा ठिपका. व्हिडिओवर आईने विचारलं, "वास कसा आहे?" मी म्हणाले, गोड. "वालाच्या फुलासारखा?" वालाच्या फुलाचा वास मला आठवत नव्हता. शेंगेचा आठवत होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेंगा भरल्या. सोलताना बोटं काळी पडली, साबणाने गेली नाहीत. गोठवलेल्या नारळाचं वाटण घालून बिरडं केलं आणि आईला फोटो पाठवला. तिचा फोन आला.

"सालं काढली नाहीस."

"दिसतंय?"

"ताटातून दिसतंय. आळशी. नोराला दिलंस?"

"दिलं. तिने लोणी घालून खाल्लं."

"बिरड्यात?" आई बराच वेळ हसली. मग थांबली. "कधी भरल्या म्हणालीस शेंगा?"

"जूनच्या दुसऱ्या आठवड्यात."

पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं, महिने मोजल्यासारखं. "पेरणी दोन्हींची एकाच पंधरवड्यात येते गो. ते काही जमायचं नाय. मी काही दोन ठिकाणी उभी राहायची नाय. पण माझा वाल फेब्रुवारीत निघतो. तुझा जूनात."

मीही बोटांवर महिने मोजले.

"पेरणी तू कर," ती म्हणाली. "वाल आटोपला की मार्चात मी येते. तीन महिने. काढणी करून जाते. तुझ्या त्या कागदांची भानगड नको."

"दर वर्षी?"

"हातपाय चालतायत तोवर."

"आणि हिवाळ्यात रोपं मेली तर?"

"मग कशाला येऊ? तुझं तोंड बघायला?" पुन्हा हसली. मग आवाज बदलला, किंवा रेंज गेली. "खरं सांगते हां. एक वर्ष राखून दाखव. तिकीट फेब्रुवारीत काढ, आत्ता नको."

त्या संभाषणाला साक्षीदार नाही. नरेंद्र म्हणतो, त्या गंमत करतायत, तिकीट काढून टाक. तन्वी म्हणते, आजी मीन्स इट. दोघांचेही आधार सारखेच कच्चे आहेत. मायक्रोवेव्हवरचे कागद मी जुलैत उचलून फाइलला लावले.

बियांसाठी दोन रोपं शेंगांसकट सुकू दिली होती. त्यांतून छत्तीस दाणे मिळाले. या नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ते कोरडेच पेरले. त्याच दिवशी आईने गावी वाल पेरला. तिने वच्छीच्या बांधावरून काढलेला फोटो आला, डावा कोपरा ओला आणि काळा होता. हॉट प्रेसमध्ये या वर्षी फक्त टॉवेल आहेत. पांढरं कापड नोराला देऊन टाकलं. ती त्यात सायकल गुंडाळते. डिसेंबरात एकतीस कोंब वर आले. आईचे बूट दाराशी होते तिथेच आहेत. नरेंद्रने त्यांत वर्तमानपत्र कोंबून ठेवलं आहे, ओल धरू नये म्हणून.

अकरा दहा. ऊन अर्ध्या वाफ्यापर्यंत आलं आहे. नोरा कुंपणाशी येऊन गेली. "दे'ल बी ग्रँड," म्हणाली. उणे सहा होतं, मी म्हणाले. "उणे सहाच," ती म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली. युवर मॅनने पाऊस सांगितला होता.

अकरा पस्तीस. पूर्वेकडचं पहिलं रोप सरळ झालं आहे की मला तसं वाटतं आहे, हे खिडकीतून ठरत नाही. बाहेर गेले. दुसऱ्याची मान उचललेली आहे. तिसऱ्याची नाही. मोजायला सुरुवात केली आणि बाराव्यावर थांबले. बारा वाजायचे आहेत. आत आले. आईच्या "किती?"खाली आणखी एक "किती?" आला आहे.

बारा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही ओळी दोनदा मोजल्या. अठ्ठावीस उभी होती. तीन उठली नाहीत.

आईला आकडा कळवला: अठ्ठावीस.

बारा बावीसला तिचं उत्तर आलं. "बुटांना बुरशी तर नाय ना आली?"

मागच्या दाराशी गेले. वर्तमानपत्र काढून दोन्ही बुटांत हात घालून पाहिलं. आलेली नाही.